गेज्जे पूजेची पत्रिका

लेकीच्या डान्स क्लासच्या बाईंनी श्रावणात व्हॉट्सॲपवर एक कार्ड पाठवलं. पिवळ्या बॅकग्राउंडवर नटराज, कोपऱ्यात समई, वर कानडी, मध्ये इंग्रजी, सगळ्यात खाली मराठी, आणि तिन्हीत मोठ्या अक्षरात एकच गोष्ट, गेज्जे पूजा, विजयादशमीला सकाळी. मी ते धड वाचलंही नाही, लगेच फॅमिली ग्रुपवर ढकललं. पुण्याच्या जावेने टाळ्या पाठवल्या, दिरांनी नटराज बघून हात जोडले, एका आतेभावाने "म्हणजे नक्की काय?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता क्रिकेटचा व्हिडिओ टाकून दिला. आई तेव्हा आमच्याकडेच होती, तिलाही मी वेगळं पाठवलं. तिला मराठीपेक्षा कानडी भरभर वाचता येतं, कारण सुरुवातीची वर्षं ती गोकाकला कानडी शाळेत होती. तिने वरचं कानडीच वाचलं, चष्मा काढला, फोन पालथा ठेवला आणि मला म्हणाली, "पोरीची गेज्जे पूजा करालायसा काय गे तुम्ही? आणि पत्रिका छापून?"

पहिल्या वाक्यापेक्षा मला ते दुसरंच जास्त लागलं. पत्रिका छापून.

मी आपलं समजावायला गेले. की आई, भरतनाट्यमच्या क्लासमध्ये हे असतंच, मुलगी इतकी वर्षं नुसत्या पायाने नाचते, मग एक दिवस बाई गेज्जे, म्हणजे घुंगरांच्या पट्ट्या, देवापुढे ठेवतात, फुलं वाहतात, मुली बाईंच्या पाया पडतात, पट्ट्या बांधून घेतात आणि त्यानंतर घुंगरू घालून नाचायची परवानगी, बस एवढंच. बंगळूरला मैसूरला तर मोठमोठ्या हॉलमध्ये करतात, जेवण असतं, फोटोग्राफर असतो. आईने सगळं ऐकून घेतलं. "मला नको सांगू. गेज्जे पूजा म्हणजे काय ते मी बघितलोय," एवढंच म्हणाली (आमच्या बेळगावकडे जुन्या बायका मी आलो, मी गेलो, मी बघितलो असंच बोलतात, पुण्याची जाऊ अजून त्याला हसते) आणि परत मांडीवरच्या कापसाकडे वळली. गणपती जवळ आले होते आणि ती गेजवस्त्रं करत होती.

हे माझ्या लक्षात यायला रात्र झाली. गेजवस्त्र. दुपारभर जो शब्द तिला टोचत होता तोच शब्द तिच्या मांडीवर पडला होता. कापसाची लांब वात ओढायची, ठरावीक अंतराने बोटाच्या चिमटीत पाणी लावून पिळायची की मध्ये मध्ये फुगीर मणी राहतात, मग त्यांना कुंकवाचं बोट. गणपतीला एकवीस मण्यांचं, गौरीला सोळा मण्यांचं. कानडी घरात त्याला गेज्जे वस्त्र म्हणतात, आमच्यात घासून घासून गेजवस्त्र झालं, आणि दिसतंच तसं ते, दोरीवर ओळीने बसवलेले घुंगरू, फक्त कापसाचे, मुके. लहानपणापासून मी हा शब्द ऐकते पण त्यात गेज्जे आहे हे कधी कानाला जाणवलं नव्हतं. आमच्याकडे दुकानाच्या बोर्डावर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून काचा फुटतात, बसेस अडतात, पण बायकांच्या अंगावरचे शब्द कुणी तपासत नाही. बुगडी कानातून आली, गेज्जे पायातून आली. गुंडी तर ब्लाउजलाच लावलेली आहे.

सासरी येळ्ळूरला बैल होते तेव्हा त्यांच्या गळ्यातही हेच. कर्नाटकी बेंदराला, म्हणजे ज्येष्ठ पुनवेला, कानडीत जिला कारहुण्णिमे म्हणतात, त्या दिवशी मामंजी माळ्यावरून घुंगुरमाळा काढायचे, चिंच आणि राखेने घासायचे, अंगणभर तो पितळेचा आंबट वास, आणि गडी त्यालाही गेज्जेच म्हणायचा. पितळेचा पोकळ गोळा, खाली चीर, आत एक बारीक गोळी, बाकी काही नाही त्यात. चिरेमुळे आवाज बाहेर येतो आणि चिरेच्या कडा एकमेकींना चिकटल्या की घुंगरू बद्द वाजतं, मामंजी मग पातळ लोखंडी पट्टीने ती चीर परत उघडायचे. रात्री गाडी येताना लांबून कळायचं, आणि म्हणे बैलांनाही त्या आवाजावर पाऊल टाकायची सवय होते, माळ काढली की ते रेंगाळतात. म्हणजे देवाच्या गळ्यात गेज्जे, बैलाच्या गळ्यात गेज्जे, आणि दोन्हीकडे कुणाला काही वाटत नाही. प्रश्न येतो तो फक्त बाईच्या पायात बांधली की.

आईने गोष्ट एकदम सांगितली नाही. भाजी निवडताना थोडी, झोपायच्या आधी थोडी, आणि मध्येच "जाऊ दे" म्हणून बंद. मी जोडून जोडून जी झाली ती अशी. तिचे वडील पोस्टात, बदली गोकाकला, तेव्हा तो सगळा भाग मुंबई राज्यातच होता. पोस्टाच्या मागच्या बोळात एक घर होतं गाण्या-नाचण्याचं. कानडीत त्या घराण्यांना पातरदवर म्हणायचे. त्या घरातली एक मुलगी आईच्या वर्गात, दोघी एकाच बस्करावर बसायच्या, ती आईला कानडी पाढे सांगायची आणि आई तिला चिंचा द्यायची. ती घरी रोज सकाळी नाच शिकायची, शाळेत आली की पाय दुखतात म्हणून मांडी घालून बसायची नाही, लांब करून बसायची आणि मास्तर ओरडायचे. मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर त्या घराला चुना लागला, दारात आंब्याचं तोरण, सनईवाले आले, बाहेरगावची बडी माणसं मोटारीतून आली. तिची गेज्जे पूजा होती. आई आजोबांना न सांगता मागच्या दाराने गेली. त्या मुलीला हिरवं इरकल नेसवलं होतं, नाकात नथ, तबकात हळदकुंकू लावलेल्या गेज्जेच्या दोन पट्ट्या, एक म्हातारी गात होती, पट्ट्या देवापुढून उचलून तिच्या पायाला बांधल्या, आणि ती नाचली. "काय नाचली ती," आई म्हणाली, आणि लगेच, "मी तिथे होळग्या खाल्लो, तूप घालून."

त्यानंतर ती शाळेत आली नाही.

मास्तरांनी हजेरीत काही दिवस नाव घेतलं, मग घेणं बंद केलं. आईला कुणी काही सांगितलं नाही, विचारायचंही सुचलं नाही, कारण तिला त्या वेळी दुसरंच काहीतरी होत होतं. तिला जळत होतं. चुना, सनई, इरकल, आणि ते घुंगरू. आपल्याला का नाही. एक दिवस जेवताना ती वडिलांना म्हणाली, "माझी पण गेज्जे पूजा करा." आमचे आजोबा म्हणजे कुणाला मोठ्याने हाक न मारणारा माणूस, पण त्यांनी जेवता जेवता उठून तिला मारलं, उष्ट्या हाताने. आयुष्यात एकदाच. का मारलं ते सांगितलं नाही, आजीनेही नाही, नुसतं तोंड धुऊन दिलं. पुढच्या वर्षी बदली झाली आणि ते लोक बेळगावला आले. का मारलं ते तिला कळेपर्यंत तिचं लग्न झालेलं होतं.

या गोष्टीनंतर मी ते कार्ड परत उघडून बघितलं. नटराजाचा पाय वर उचललेला, त्यातही गेज्जे आहेत.

आता मला कुणी म्हणेल की बाई, तू उगाच दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतेस. माहीत आहे मला, वेगळ्या आहेत. पण वेगळ्या झाल्या कशा तेही बघायला हवं ना. जुन्या कानडी मुलखात गेज्जे पूजा हा नाचणाऱ्या घराण्यातल्या मुलीचा संस्कारच होता. तो झाला की ती घरच्या विद्येची वारस, आणि तो झाला की तिचं लग्न नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच पूजेत. मैसूर संस्थानाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सरकारी देवळांतली ही पूजा बंद करायला लावली. आमच्या बाजूला मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, देवाला मुली वाहण्याविरुद्धचा. म्हणजे आई होळग्या खात होती तेव्हा त्या कायद्याला वीस वर्षं होत आली होती. पण देवळात वाहणं वेगळं आणि बोळातल्या घरात चुना लावून केलेली पूजा वेगळी, तिथे कोण फौजदार येणार, आणि आला तरी मोटारवाल्यांच्या शेजारी बसून पानच खाणार. पुढे कर्नाटकाने १९८२ मध्ये परत कायदा केला, कारण करावा लागला, सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आमच्याच जिल्ह्यात आहे आणि तिथे काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं. तिथला शब्द गेज्जे नाही. तिथे देवीला वाहिलेल्या मुलीला मुत्तु बांधायचे. मुत्तु म्हणजे मोती. प्रत्यक्षात लाल-पांढऱ्या मण्यांची साधी माळ, पण नाव मोत्याचं, आणि त्या मोत्याने किती पोरींचं काय झालं. दागिन्याचे शब्द आमच्याकडे इतके सुंदर का असतात आणि नेमके त्यांच्याच मागे हे असलं का उभं असतं, मला खरंच कळत नाही.

तिकडे मद्रासला त्याच काळात उलटं चक्र फिरत होतं. देवळातल्या बायकांचा जो नाच लोक सदिर म्हणून नाक मुरडत बघायचे त्याला १९३० च्या दशकात भरतनाट्यम हे नाव मिळालं. रुक्मिणीदेवी अरुंडेल १९३५ मध्ये अड्यारला स्टेजवर नाचल्या, १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र ही नाच शिकवणारी संस्था काढली, आणि चांगल्या घरातल्या मुली घुंगरू बांधायला लागल्या. नर्तकी बालासरस्वती जुन्या नाचणाऱ्या घराण्यातल्या, त्यांना ही सगळी सफाई मान्य नव्हती, शृंगार काढून टाकला तर उरलं काय असं त्यांचं म्हणणं. मला नाचातलं काही कळत नाही पण या भांडणात मी बालासरस्वतींच्या बाजूने आहे. कारण एकीकडे १९४७ चा मद्रासचा कायदा जुन्या बायकांना सांगतोय की तुम्ही देवळात नाचू नका, आणि दुसरीकडे तोच नाच तिकीट लावून सभांमधून चाललाय. घुंगरू तेच राहिले, पाय बदलले. आणि नवीन पायांनी येताना ती पूजा पण सोबत आणली, तिच्यातला अर्धा भाग काढून.

आपल्या मराठीत तरी काय वेगळं आहे. फक्त आपण हुशार, आपण प्रत्येक पायासाठी वेगळा शब्द करून ठेवला. गणपतीच्या आरतीत बघा, सुखकर्ता दुःखहर्ता म्हणताना आपण सगळे टाळ्या पिटत गणपतीच्या पायातल्या नूपुरांचं आणि घागरियांचं कौतुक करतो, रुणझुणती म्हणतो, घरातल्या आजोबांपासून शेंबड्या पोरापर्यंत. घागरी काय आणि घुंगरू काय, एकाच आवाजातून निघालेले, संस्कृतात घर्घरी म्हणजे बारीक घंटांचा करगोटा, नुसता कानाला आला तसा लिहिलेला शब्द. नूपुर जरा उंचावरचं. सीतेचे दागिने सापडले तर लक्ष्मणाला बाकी काही ओळखू आलं नाही, नूपुरंच ओळखली, कारण रोज पाया पडायचा, कीर्तनकार इथे हमखास थांबतात आणि बायका डोळे पुसतात. पुरुषाच्या पायात असेल तर तोडर, तोही ब्रीदाचा, म्हणजे मी अमुक आहे, कुणाची हिंमत असेल तर या, अशी पायातली घोषणाच. विजयनगरला कृष्णदेवरायाने पेद्दन्न कवीच्या पायात स्वतःच्या हाताने गंडपेंडेर, म्हणजे मानाचा तोडा, घातलं अशी गोष्ट सांगतात, राजा वाकला कवीच्या पायाशी. नवरीच्या पायात पैंजण. बाळाच्या पायात वाळे. पोतराजाच्या पायात घुंगरू चालतात, वासुदेवाच्या चालतात. आणि बाई नाचायला उभी राहिली की तिच्या पायात चाळ.

चाळ हा शब्द मला लहानपणी फक्त मुंबईच्या काकांच्या पत्त्यात माहीत होता. तिथेही ओळ, इथेही ओळ, खोल्यांची काय आणि घुंगरांची काय. पण "तिने पायात चाळ बांधली" असं कुणी म्हटलं की घरात आवाज खाली यायचा. ते वाक्य पायाबद्दल नसायचंच. लावणीवाल्या बायका चाळ आधी कपाळाला लावतात, मग बांधतात, एका पायाला घुंगरांचे वेढ्यावर वेढे, ते वजन घेऊन रात्रभर ठेका धरायचा, घोटे सोलवटून निघतात. मी एकदा निपाणीकडच्या जत्रेत कनातीमागे एकीला बघितलं, स्टुलावर बसून पायावर खोबरेल चोळत होती, चाळ शेजारी फडक्यावर ठेवलेली, आणि कुणाचंतरी पोर त्याला हात लावायला गेलं तर खस्सकन ओरडली, "पाय लागंल!" चाळेला पाय लागू नये म्हणून. जी वस्तू पायातच बांधायची तिला पाय लागता कामा नये. माझी लेक पण आता हेच करते, क्लासमधून आली की आधी घुंगरांची पिशवी उंचावर, मग बूट. दोघींना हे एकाच जागेवरून आलंय, पण त्या बाईला कुणी पत्रिका छापून बोलावणार नाही, हा फरक आहे.

आणि असं पण नाही की आमच्या भागात नाचणाऱ्या बाईला मान नव्हताच. कृष्ण पारिजात हे कानडी लोकनाट्य म्हणजे आमच्या जिल्ह्याचंच म्हणायचं, कुळगोडच्या तम्मण्णांनी ते उभं केलं, आणि कौजलगीच्या निंगम्माचं नाव आई अजून घेते, दोन्ही गावं गोकाकच्याच अंगाला. रात्रभर खेळ चालायचा आणि माणसं बैलगाड्या सोडून बसायची. निंगम्मा म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी येतं, तिथे नाक मुरडणं नाही. मी विचारलं, मग ती पण नाचायचीच की. आई म्हणाली, "ते पारिजात." जसं काही उत्तर झालं. तिच्या डोक्यात हे कप्पे पक्के आहेत आणि एकातलं दुसऱ्यात जात नाही, त्यामुळेच ते कार्ड बघून तिचा गोंधळ उडाला, कारण गेज्जे पूजा या शब्दाने कप्पाच बदलला होता आणि तिला कुणी कळवलं नव्हतं.

मला माझे लग्नातले पैंजण आठवले. शहापूरच्या सराफाकडे आई आणि मी गेलो होतो. हुपरीचा माल, चांगले जाड, साखळीला ओळीने घुंगरू. सराफ कानडी, तो म्हणाला कालगेज्जे छान दिसतील मुलीला, आणि आई एकदम म्हणाली, "घुंगरं काढून द्या." सगळे? सगळे. सराफाने समजावलं, की अहो वाजले पाहिजेत, नवी नवरी घरात फिरते ते कळायला नको का. आई ऐकेना. त्याने पकडीने एक एक घुंगरू काढून कागदाच्या पुडीत टाकलं, पुडीचं वजन केलं, तेवढी चांदी बिलातून वजा केली, आणि मी मुके पैंजण घालून सासरी गेले. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, वाजत कसे नाहीत गे तुझे? मी म्हटलं, आईला आवाज आवडत नाही. मला तेव्हा खरंच तसंच वाटायचं. आमच्या शाळेत पण वाजणारे पैंजण चालायचे नाहीत, मुलांचं लक्ष जातं म्हणे, तेव्हा मुक्या पैंजणांचं मला विशेष काही वाटलं नव्हतं. आता वाटतं की ती पुडी मागून घ्यायला हवी होती.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात घुंगरू आले, कुरिअरने. पूर्वी चामड्यावर शिवायचे, हे लाल रेक्झिनवर, खाली मखमल, चार ओळी, बांधायला पट्टे. खोका उघडल्यावर घरभर तो येळ्ळूरच्या अंगणातला वास. लेकीने लगेच घालायला घेतले तर मीच ओरडले, अजून पूजा व्हायची आहे. आई बघत होती. पूजेला मी येत नाही असं तिने श्रावणापासून सांगून ठेवलं होतं, "तुम्ही जा, मी घरात बसतो," आणि दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून मोरपंखी इरकल नेसून दारात उभी. मी काही बोलले नाही. काही विचारलं असतं तर ती परत आत गेली असती.

हॉल गच्च भरला होता. ओळीने तबकं, तबकात पट्ट्या, हळदकुंकू, झेंडू, आणि प्रत्येक तबकावर मुलीच्या नावाची चिठ्ठी, नाहीतर एकीचे घुंगरू दुसरीला जायचे. मुली मेकअपमध्ये सगळ्या एकसारख्या दिसत होत्या, मला माझी शोधायला वेळ लागला. बाई चांगल्या आहेत, मनापासून शिकवतात, पण माईक हातात आला की त्यांच्यात काहीतरी संचारतं. ही आपली पाच हजार वर्षांची परंपरा, ऋषीमुनींची देणगी, वगैरे. टाळ्या पडल्या. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आणि पोस्टामागचा बोळ?" मला इतकं हसू आलं की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. पण खरंच होतं ते. ऋषीमुनी आले भाषणात, नटराज आला, भरतमुनी आले, ज्यांनी हे पोटाशी धरून इथपर्यंत आणलं त्या बायकांपैकी एकही नाही. बाईंचा दोष म्हणत नाही मी, पालकांनी भरलेल्या हॉलमध्ये देवदासी हा शब्द काढला असता तर निम्म्या जणांनी मुली काढून घेतल्या असत्या. मी काढली नसती, असं मी आता इथे बसून लिहिते. पण आईची गोष्ट ऐकायच्या आधी, ॲडमिशनच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर? असो.

मग बाईंनी एकेकीला पट्ट्या दिल्या, मुलींनी डोळ्यांना लावल्या, बांधल्या, आणि सगळ्या एकदम उभ्या राहिल्या तेव्हा जो आवाज झाला त्याला तयारी नव्हती माझी. नुसत्या उभ्या राहिल्याचा आवाज. नाच अजून सुरू व्हायचाच होता. आई पुढे सरकून बसली होती आणि तिचा उजवा पाय, मी बघितलं, चपलेतून बाहेर आला होता.

दिवाळीच्या आधी लेकीच्या डाव्या पट्टीचे दोन घुंगरू सुटले. रेक्झिनवरची शिवण कसली ती, मशीनची. आई म्हणाली आण इकडे, आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसली. गेजवस्त्र ओढणारी बोटं, तिने आधी घुंगराची चीर नखाने तपासली, कानाशी धरून वाजवून बघितलं, मग शिवलं, आणि शिवता शिवता लेकीला सांगितलं की गोकाकला आमच्या वर्गात एक होती. होळग्यांचं सांगितलं. मारलेलं सांगितलं नाही. पाढ्यांचं सांगितलं, आणि तिचं नावही सांगितलं, जे मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. लेक मांडी घालून ऐकत होती. त्या मुलीने शाळा का सोडली असं लेकीने विचारलं, तर आई म्हणाली तुझी आई सांगेल ते, म्हणजे ते काम माझ्यावर टाकून मोकळी. मी अजून सांगितलेलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला कुठून सुरुवात करून सांगतात हे?

मग लेकीने विचारलं, "तिला नाचता चांगलं यायचं का गे आज्जी?"

"यायचं की," आई दोरा दाताने तोडत म्हणाली, "तुझ्यापेक्षा कितीतरी चांगलं."

हे काही लेकीला आवडलं नाही. ती त्याच संध्याकाळी हॉलमध्ये पट्ट्या बांधून असली आपटायला लागली की खालच्या मजल्यावरचे काका चप्पल न घालता वर आले, आणि दार आईनेच उघडलं आणि त्यांना कानडीत सांगितलं की अजून अर्धा तास तरी चालेल.